हँडलातली खाच

संपादकांनी फोनवर सांगितलं, तुमच्या धंद्यातलं काहीही लिहा, फक्त सामान्य वाचकाला कळू द्या. मी म्हटलं, स्टिअरिंग डँपरवर लिहितो. "म्हणजे शॉकअपच ना?" त्यांनी विचारलं. नाही. शॉकअप चाकाचं वरखाली होणं सांभाळतो, डँपर हँडलचं डावंउजवं होणं. जालन्यात अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्याआधी वाळूजला एका कारखान्यात फोर्क जुळवत होतो. एवढा एक फरक समजावण्यात किती दुपारी गेल्या, त्याची मोजदाद नाही. तरी पुन्हा सांगतो, कारण गेल्या दसऱ्याची एक गाडी अजून डोक्यातून जात नाही.

पोरगा पंचविशीतला. घनसावंगी तालुक्यात एका बियाणे कंपनीचे प्लॉट सांभाळतो. जालना बियाण्यांचं गाव, त्यामुळे कपाशीच्या बीजोत्पादनाच्या शेतांवर दिवसभर गाडी हाणणारी अशी पुष्कळ पोरं माझ्याकडे येतात. याची गाडी ऑफरोड, पुढचं चाक २१ इंची. तक्रारी दोन. सत्तरवरून वेग उतरत असताना हात सैल सोडले की हँडल थरथरतं, आणि शेतरस्त्यावर चाक दगडाला लागलं की हँडल हातातून हिसका मारतं. "काका, हे तेवढं बसवून द्या," म्हणत त्यानं पिशवीतून ऑनलाइन मागवलेला डँपर काढला. खंडेनवमीचा दिवस, दारात गाड्यांची रांग. मी तो बसवला, तो म्हणाला तितका घट्ट केला आणि गाडी दिली. पुढचं चाक उचलून हँडल फिरवून पाहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी काढली नाहीत.

आठ दिवसांनी कालव्याच्या कडेला, ओल्या काळ्या मातीत, जेमतेम दहाच्या वेगात तो पडला. मनगट मोडलं.

दहाच्या वेगात माणूस का पडतो? ज्यांच्या घरी जुनी येझदी किंवा बुलेट होती त्यांना हँडलच्या मधोमध असलेली घुंडी आठवत असेल. ती आवळली की खालच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि हँडल जड होई. तोही डँपरच, घर्षणाचा. साईडकार जोडलेल्या गाडीचं हँडल कमी वेगाला हलतं, म्हणून तिला ती घुंडी आवळायची. एकट्या गाडीला सैल ठेवायची. "घुंडी आवळलेली विसरलास तर पहिल्याच वळणाला कळंल," असं माझे उस्ताद सांगायचे. घर्षणाचा दोष असा की हँडल हळू फिरवा नाहीतर झटक्यानं फिरवा, अडवणूक तेवढीच. तेलाच्या डँपरचं तसं नाही. बंद कोठीत तेल असतं, त्यात पातं किंवा दट्ट्या फिरतो आणि तेलाला बारीक वाटेनं पलीकडे जावं लागतं. हौदात हात बुडवून हळू फिरवा, मग झपकन फिरवा. पाणी दुसऱ्या वेळी किती जड लागतं बघा. चांगल्या डँपरला तुमचा हात जवळजवळ जाणवत नाही, दगडाचा झटका मात्र जाणवतो.

आता तोलाचं. कमी वेगात गाडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळतं आणि चाक पुन्हा गाडीच्या बुडाखाली येतं. हे सतत चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. पोराला सायकल शिकवताना प्रत्येक बाप हेच ओरडत मागे पळतो: पडतोयस तिकडेच हँडल वळव. हे किंचित वळणंच अडवलं, तर तोल सांभाळायला गाडीपाशी काही उरत नाही. त्या पोराच्या डँपरात तेल नावालाच होतं, काम सगळं घर्षणाचं. आणि तो आवळला होता मी.

थरथरीचीही गंमत लोकांना वाटते तशी साधी नाही. रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकानं १९७१ साली मोटारसायकलच्या डगमगीचं गणित मांडलं, ते आजही पाया मानलं जातं. त्यात दोन डगमगी वेगळ्या काढल्या आहेत. एक फक्त पुढच्या भागाची, साधारण सेकंदाला सहा ते दहा वेळा हँडल इकडून तिकडे. दुसरी संपूर्ण गाडीची, सेकंदाला दोन-चार वेळा, साप चालल्यासारखी. डँपर पहिलीला आवरतो. पण तोच डँपर जास्त घट्ट केला तर जास्त वेगाला दुसरी वाढू शकते. "घट्ट म्हणजे सुरक्षित" हे जे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, ते कागदावर पन्नासेक वर्षांपूर्वी खोटं ठरलं आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून येणाऱ्या पोरांना हे सांगून मी थकलो.

मुळात थरथर येते कुठून? हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं त्या बॉल रेसरमधून, सैल आऱ्यांमधून, पुढच्या टायरच्या कमी हवेतून. दगडधोंड्यात जाताना हवा कमी करतात आणि डांबरीवर आल्यावर भरायला विसरतात. मागच्या पेटीत सामान कोंबलं की पुढचं चाक हलकं होतं, त्यानंही. यातलं एकही दुखणं डँपर बरं करत नाही. फक्त दाबून ठेवतो.

मग डँपर घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण दगडासाठी आणि चाकोरीसाठी. चाकोरी हा शब्द शहरात आता वाक्प्रचारापुरता राहिलाय. आमच्याकडे अजून त्यात चाक अडकतं. पावसाळ्यात काळ्या रानातून ट्रॅक्टर जातो, चिखलात हातभर खोल चर पडतात, आणि दिवाळीच्या सुमारास, ऐन कापूसवेचणीत, त्याच चरांच्या कडा वाळून विटेसारख्या कडक होतात. पुढचं चाक तिरकं कडेवर चढलं की हँडल असं हिसकतं की अंगठा मुरगळतो. भोकरदनपासून वर अजिंठ्याच्या रांगेकडे गेलात तर तेच काम काळा पत्थर करतो. दिवसाला शंभर किलोमीटर अशा वाटेनं जाणाऱ्याचे पंजे संध्याकाळी मिटत नाहीत. त्याच्यासाठी चांगला डँपर ही चैन नव्हे. डकारसारख्या वाळवंटी रॅलीच्या गाड्यांवर तो दिसतोच. होंडानं २००८ च्या सीआरएफ ४५० आर या मोटोक्रॉस गाडीवर तो कारखान्यातूनच दिला, कारण त्याच्या भरवशावर गाडीचं हँडल जास्त चपळ ठेवता आलं.

आणि आता माझ्या आवडीचं भांडण. डँपर दोन पंथांचे. एक पंथ म्हणतो, हँडल मधून बाहेर जाताना अडवा, परत मध्ये येताना मोकळं सोडा. स्वीडनच्या ओहलिन्सनं अमेरिकेतल्या स्कॉट्ससाठी बनवलेला प्रसिद्ध डँपर या जातीचा. दुसरा पंथ म्हणतो, जाताना अडवा आणि येतानाही. माझं मत पहिल्याकडे. धोंड्यानं चाक भिरकावलं, ते अडलं. आता चाकाला स्वतःहून सरळ यायचं आहे, त्याला कशाला धरून ठेवायचं? बांधावरून, बोळातून, मोसंबीच्या दोन झाडांमधून गाडी काढताना हँडल मोकळं परत आलं पाहिजे. स्कॉट्समध्ये झटक्याची अडवणूक वेगळी आणि सावकाश हालचालीची वेगळी जुळवता येते, तेही मोठं काम. पण समोरच्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकलेलो नाही. थरथर म्हणजे जाणं आणि येणं दोन्ही. एकाच बाजूनं अडवलं तर अर्धाच आवर बसतो. डांबरीवरच्या थरथरीसाठी दोन्हीकडून अडवणाराच खरा, आणि गोदावरीच्या पात्रातल्या खोल वाळूतही गाडी त्यानं सरळ राहते, हे मी स्वतः शहागडकडे चालवून पाहिलंय. वीस वर्षांपूर्वी मी हे मान्य केलं नसतं. आज इतकंच म्हणतो, की थरथरीचा इलाज डँपरात शोधायचाच नाही असं धरलं, तर आपल्या रानाला मोकळा परतणारा बरा.

बाकी निवड लवकर संपते. दांड्यासारखा, बाजूला लावायचा सरळ डँपर शेतरस्त्याला नको. फांदीत अडकतो, गाडी पडली की वाकतो आणि हँडल पूर्ण वळू देत नाही. हँडलच्या मध्यावर बसणारा गोल घ्या. त्याची खालची खुंटी गाडीच्या मानेवर, म्हणजे चौकटीच्या ज्या नळीत हँडल फिरतं तिच्यावर, अचूक मध्यावर आली पाहिजे, जरा तिरकी राहिली तर पातं एका बाजूला ओढतं. तुमच्या गाडीसाठी बनवलेला जोडसंच मिळत नसेल तर वेल्डिंग करून जुगाड करू नका. मान हा गाडीचा कणा आहे. बसवल्यावर सगळ्यात सैल करून दोन दिवस चालवा, मग एकेक टिचकी वाढवा. हँडल जड झाल्याचं जाणवलं की एक टिचकी मागे या. चांगला परदेशी डँपर जोडसंचासकट ५० हजारांच्या पुढे जातो, हे ऐकून बहुतेक जण परत जातात. परत गेले तर मला वाईट वाटत नाही. दीड हजारांचा घेऊन येतात, तेव्हा वाटतं.

त्या पोराची गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आली. मी डँपर काढला, पुढचं चाक उचललं आणि एका बोटानं हँडल फिरवलं. बरोबर मध्यावर, सरळ रेषेत, ते टक्कन बसलं. खाच. दगडांचे धक्के खाऊन खाऊन रेसरच्या वाटीत गोळ्यांनी खळगे पाडले होते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खळगे मध्यावरच पडतात. हँडल त्या खळग्यात बसायचं, बाहेर काढलं की पुढे निसटायचं. त्यावर मी आवळलेला डँपर. ही खाच खंडेनवमीलाही तिथंच होती. मी त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोरानंच हट्ट केला होता. हट्ट गिऱ्हाईक करतंच. नाही म्हणायचं काम माझं होतं.

नवीन रेसर टाकला, आरे ओढले, हवा कंपनीनं सांगितली तेवढी भरली. थरथर गेली. मनगट बरं झाल्यापासून तो रोज त्याच गाडीवर प्लॉट फिरतो, डँपरशिवाय. दगडाचा हिसका अजून बसतो म्हणतो. पैसे साठले की चांगला डँपर बसवू, असं आमचं ठरलंय.

पाडव्याला गाडीला हार घालण्याआधी ती मधल्या स्टँडवर घ्या, कुणालातरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्यावर खाच लागली, तर डँपर राहू द्या, आधी रेसर बदला.