पोच घेतल्याशिवाय उठू नका

ऑगस्ट २०२४ चे ते दिवस आपल्या बहुतेक घरांत लक्षात असतील. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये बायकांच्या खात्यांत जमा होऊ लागले होते. जुन्या नाशकात दूध बाजारापासून चौक मंडईपर्यंत जो तो एकच विचारत होता, "तुमचे आले का?"

अशाच एका दुपारी शाळा सुटल्यावर पाचवीतल्या एका मुलीची आई पासबुक घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. शिवणकाम करून चार माणसांचे घर चालवणारी बाई. म्हणाली, "आपा, तीन हजार आए बोलके मेसेज है, बँकवाला बोलता सोलासौच है."

आम्ही पासबुक पाहिले. शिल्लक १,६४३ रुपये. तीन हजार जमा झाले त्याच दिवशी १,३५७ रुपये वजा झाले होते. खात्यात किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून कित्येक महिन्यांचा दंड, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. खात्यात पैसा नव्हता तोवर दंड नुसता साठत गेला आणि पैसा येताच उचलला गेला.

पासबुकाचे पहिले पान उलटले आणि आम्हाला घाम फुटला. थोरल्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी, २०१८ साली, हे खाते आम्हीच उघडून दिले होते. फॉर्म इंग्रजीत होता. तो आम्ही भरला आणि "इथे सही करा" म्हणून बोट ठेवले. बाईंनी विश्वासाने उर्दूत सही केली. किमान शिल्लक ठेवावी लागते, हे आम्ही ना वाचले, ना सांगितले. आमचे स्वतःचे पगाराचे खाते. त्याला असली अट नाही. त्यामुळे तो प्रश्न आमच्या मनातही आला नव्हता.

"जाने दो आपा, नसीब," असे म्हणून त्या उठल्या. आम्ही त्यांना बसवून घेतले. नसिबाचा यात काही संबंध नव्हता. चूक बँकेची होती आणि थोडी आमचीही.

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेलो. तिथे जे पाहिले ते पैशांपेक्षा जास्त लागले. काउंटरवरच्या साहेबांनी आम्हाला खुर्ची दिली, "बोला मॅडम" म्हणाले. खातेदार बाई मात्र बुरख्यात उभ्याच. त्यांच्याकडे न पाहता साहेब म्हणाले, "यांना फुकटचे पैसे मिळतात, वर तक्रार कशाची?" बाईंनी मान खाली घातली. आम्ही खुर्चीवरून उठलो आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलो. त्या क्षणी एवढेच सुचले.

त्या दिवशी काहीच हाती लागले नाही. "सिस्टीमने कापले, आमच्या हातात काही नाही," हे एक वाक्य ऐकून परत आलो. पण रात्री आम्ही, जे २०१८ साली करायला हवे होते, ते केले. वाचायला बसलो.

वाचल्यावर कळले की रिझर्व्ह बँकेचे नियम बरेचसे ग्राहकाच्या बाजूचे आहेत. १ एप्रिल २०१५ पासून नियम असा आहे की किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे. महिन्याभरात शिल्लक भरली नाही तरच दंड लावायचा, तोही जेवढी रक्कम कमी पडली तेवढ्याच प्रमाणात. आणि केवळ या दंडामुळे बचत खाते शून्याच्या खाली जाता कामा नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१२ पासून प्रत्येक बँकेत 'मूलभूत बचत खाते' मिळते. त्याला किमान शिल्लकीची अटच नाही. आपले साधे खाते त्यात बदलून मागता येते. सहा वर्षांपूर्वी हे एक वाक्य आम्हाला माहीत असते तर एक रुपयाही गेला नसता.

ग्राहकाच्या हक्कांची एक सनदही रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये काढली आहे. लिंग, वय, धर्म, जात यांवरून ग्राहकाशी अन्यायाने भेदभाव करू नये, हे त्यात पहिल्याच हक्कात लिहिले आहे.

सकाळी मराठीत अर्ज लिहिला. तीन प्रश्न विचारले. दंडाची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवली? दंडाचा हिशोब कसा केला? खात्यात शिल्लक नसतानाचा दंड साठवून सरकारी मदतीतून कोणत्या नियमाने वसूल केला? चौथी विनंती, खाते मूलभूत बचत खात्यात बदलून द्यावे. खरे बोलायचे तर आमची एक बाजू लंगडी होती. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा जुना होता आणि तो कधीच बंद पडला होता. तेही आम्ही अर्जात लिहिले. लपवलेली गोष्ट पुढे आपल्यावरच उलटते.

अर्ज घ्यायला काउंटर तयार नव्हते. "ॲपवर टाका." आम्ही म्हणालो, "खातेदाराला ॲप येत नाही. अर्ज घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही द्या." पाऊण तास बसलो. शेवटी मॅनेजर बाहेर आले, अर्ज वाचला, मुकाट्याने पोच दिली. त्या शिक्क्याची किंमत पुढे कळली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण आधी बँकेकडे तक्रार केली होती, हे दाखवावे लागते.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. याच सुमारास राज्यभरातून अशा कपातीच्या तक्रारी आल्या होत्या आणि बँकांनी या योजनेचे पैसे कापू नयेत, असे महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीही जाहीर सांगितले होते. तेविसाव्या दिवशी १,३५७ रुपये खात्यात परत आले. खातेही बदलून मिळाले. अल्हम्दुलिल्लाह.

ही बातमी शाळेच्या फाटकावर पोहोचायला वेळ लागला नाही. आणखी सहा आया पासबुके घेऊन आल्या. त्यांतल्या तिघींचे पैसे परत मिळाले. दोघींचे पैसे दंडाचे नव्हते, थकलेल्या कर्जाच्या हप्त्यापोटी गेले होते. तिथे हा अर्ज चालला नाही. हेही सांगितले पाहिजे, म्हणजे कुणी खोटी आशा धरणार नाही.

आपल्यात सब्र या शब्दाचा अर्थ गप्प बसणे असा करून घेतला गेला आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, हीच तिची शिकवण. आम्ही वर्गात ही आयत अनेकदा शिकवली. बँकेच्या फॉर्मलाही ती लागू आहे, हे कळायला एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे पैसे जावे लागले.

म्हणून बहिणींनो, आजच पासबुक भरून आणा. खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे ते विचारा. खाते कोणत्या प्रकारचे आहे ते विचारा. फॉर्म मराठीत मागा. ग्राहकांचे फॉर्म स्थानिक भाषेतही ठेवणे बँकांवर बंधनकारक आहे. अर्ज द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि ज्या वाचू शकतात त्यांनी दुसरीच्या सहीआधी कागद तिला वाचून दाखवावा. तिचा विश्वास ही आपल्याकडे अमानत आहे.

त्या सहाजणींतली एक मात्र बँकेत आलीच नाही. "झगडा नको" असे घरातून सांगितले गेले. तिचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, कपाटात आहे. फक्त तिची सही बाकी आहे.