खालूजानच्या चार बंदुका

खालूजानचा चाळिसावा झाला आणि चौथ्या दिवशी थोरल्या भाईंचा फोन आला. "तू म्युझियममें था ना? आके बंदुकां देख. क्या भाव लगता, लिख के दे."

मी तीस वर्षं एका संग्रहालयाच्या शस्त्रविभागात काढली. तिथे भाव लावायचा प्रश्न कधी आला नाही. आमचं काम नोंद करण्याचं, पुसण्याचं आणि गंज चढू न देण्याचं. पण घरात एकदा "याला बंदुकांतलं कळतं" असं झालं की मग सुटका नसते. शिवाय काम तरक्याचं होतं. कफनदफनाचा खर्च झाला, देणं फिटलं, वसीयत काही नव्हती. शेत मोजून झालं, वाडा तिघा भावंडांनी विकायचा ठरवला. राहिल्या दिवाणखान्यातल्या चार बंदुका. बंदुकीचे तुकडे करून वाटता येत नाहीत, म्हणून किंमत हवी. खालाजानचा आठवा हिस्सा काढायचा आणि उरलेल्याचे पाच भाग: दोन्ही मुलांना दोन-दोन, मुलीला एक. बंदुका स्वतःकडे ठेवायची थोरल्यांची इच्छा होती. म्हणजे मी जो आकडा लिहीन तो त्यांनी आई, भाऊ आणि बहिणीला मोजून द्यायचा होता.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. एस.टी. स्टँडवर भाई स्वतः घ्यायला आले. वाटेतच म्हणाले, "सब मिला के एक लाख लिख दे. पुरानी लकडी है, लोहा है, और क्या?" मी काही बोललो नाही.

दिवाणखान्याच्या भिंतीवर दोनच बंदुका होत्या. उरलेल्या दोन खालूजानच्या परवान्यावरच्या. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाने परवाना काढला तर परत मिळतं, नाहीतर ते परवानेवाल्यालाच विकावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, त्या वारशाने आल्या तरी. भाईंनी या दोन जिल्ह्याच्या विक्रेत्याकडे जमा केल्या होत्या. भिंतीवरच्या दोन निकामी, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या. अशा जुन्या हत्यारांना शस्त्र कायद्याचं कलम ४५ सूट देतं. तसा कागद खालूजाननी जिल्ह्याच्या कचेरीतून मिळवला होता आणि तो त्यांनी कुराणशरीफाच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता.

पहिली उतरवली ती "सत्तावनची". लहानपणापासून आम्ही तिला याच नावाने ओळखत होतो. खालूजानचे पणजोबा सत्तावनच्या गदरमध्ये ही बंदूक घेऊन इंग्रजांशी लढले, असं घरात सांगायचे. ठासणीची, टोपीदार, लांबी साधारण साडेचार फूट, नळीवर तीन कडी. लांबून पाहिलं तर १८५३ च्या एनफिल्डसारखीच. जिच्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावलीय या बातमीने पलटणी पेटल्या, ती हीच एनफिल्ड.

जुन्या लष्करी बंदुकीची किंमत करताना दस्त्याच्या नक्षीकडे किंवा घरच्या गोष्टीकडे आधी पाहायचं नसतं. आधी घोड्याखालची लोखंडी पट्टी वाचायची. मी कापडाने पट्टी हलकेच पुसली. मुकुट, त्याखाली व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, पुढे टॉवर, आणि साल १८५९.

म्हणजे गदर संपल्यानंतरची.

मग नळीत बॅटरी मारून पाहिलं. एनफिल्डच्या नळीत तीन पिळदार खाचा असतात. त्या खाचांनी गोळी फिरत जाते आणि दूरवर नेमकी लागते. अशा खाचांवरूनच रायफल हे नाव पडलं. इथे एकही खाच नव्हती, नळी बाटलीच्या गळ्यासारखी गुळगुळीत. दूरच्या नेमासाठी एनफिल्डवर जी उभी करायची शिडी असते तीही नव्हती, नुसता एक ठोकळा. मग शंका उरली नाही. सत्तावननंतर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम अशा बंदुका करवून घेतल्या. बाहेरून गोऱ्या शिपायाच्या रायफलीसारख्या, आतून कोऱ्या. देशी शिपायाचा नेम गोऱ्याइतका लांब जाऊ नये एवढाच हेतू. पुढेही तेच चाललं: गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा देशी पलटणींना स्नायडर, गोऱ्यांना ली-मेटफर्ड आली तेव्हा यांना मार्टिनी. एक पिढी मागे.

आणि खालूजानचे पणजोबा हैदराबाद काँटिंजंटमध्ये होते, असंही घरातच सांगतात. त्या फौजेतल्या औरंगाबादच्या घोडेस्वारांनी १८५७ च्या जूनमध्ये बंड केलं हे खरं, पण बाकीची बरीचशी फौज पुढे मध्य हिंदुस्थानात इंग्रजांच्या बाजूनेच लढली. जे बाजूने लढले तेही देशीच धरले गेले. आता हे ऐंशी पार केलेल्या खालाजानना कसं सांगायचं? त्या तख्तपोसावर बसून माझ्याकडेच बघत होत्या.

"सत्तावनचीच ना रे?"

"दोन वर्षांनंतरची, खालाजान."

"दो सालका क्या फरक पडता?" म्हणाल्या आणि पानदान ओढलं. गोऱ्यांनी आत खाचाच ठेवल्या नव्हत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नळीच्या मुळाशी एक भोक आहे. ते कंपनीचं नाही, गावच्या लोहाराचं. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं. १३ तारखेला फौजा शिरल्या, १७ ला निजामाने हत्यार ठेवलं. त्यानंतर आमच्या भागात जे झालं ते घरातले बुजुर्ग दार लावून आणि आवाज उतरवून बोलायचे. खालूजानच्या वडिलांनी शिकारीची चांगली दुनाळी जमा केली आणि ही मात्र द्यायचं जिवावर आलं, म्हणून रातोरात लोहाराकडून नळी भोसकून घेतली, कोणी विचारलं तर दाखवता यावं म्हणून. संग्राहकाच्या हिशेबात अशा भोकाने किंमत निम्म्यावर येते. मी ३५ हजार लिहिले. माझ्या मते त्या भोकाचंही थोडं मोल धरायला हवं, पण बाजार ते धरत नाही.

भिंतीवरची दुसरी पाच मिनिटांत निकालात निघाली. मार्टिनीसारखी दिसते, कळ ओढली की ठोकळा खाली जातो, असा खालूजानचा दावा होता. आता वेल्डिंग केल्यामुळे जात नाही. त्यांनी ती हैदराबादेत जुन्या बाजारातून घेतली होती, अस्सल लष्करी म्हणून. शिक्क्यात व्ही.आर. आणि खाली १९०५. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. शिवाय एनफिल्डमधला इंग्रजी एन उलटा कोरलेला. सरहद्दीच्या पठाणी कारागिरांच्या हातची नक्कल, ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं पण पोलाद उत्तम कळत होतं. अशा नकलांचे शौकीनही आहेत. सहा हजार.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला गेलो. विक्रेत्याने रजिस्टरवर सह्या घेऊन दोन्ही बाहेर काढल्या. स्नायडर साधी, शांत बंदूक. ठासणीच्या एनफिल्डची नळी मागून कापून उजवीकडे उघडणारं झाकण बसवायचं, हा १८६६ चा काटकसरी तोडगा. लाकूड कोरडं पण सलग, नळीत खाचा धडधाकट, शिक्के सगळे जागच्या जागी. परदेशात हिला गिऱ्हाईक बरं आहे, अगदी २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून अशा हजारो बंदुका अमेरिकेत गेल्या त्यानंतरही. पण तो भाव आपल्या कामाचा नाही. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. इथे घेणार कोण, तर परवाना असलेला एखादा शौकीन. ७० हजार.

मग मार्टिनी.

ती टेबलावर ठेवली आणि आरशासारखी चमकली. विक्रेता कौतुकाने म्हणाला, "ही एक नंबर आहे, साहेब." मी उजव्या बाजूचा शिक्का शोधला. मुकुटाच्या जागी नुसती सावली. सालाचे पहिले दोन आकडे अंगठा फिरवला तर लागतात, पुढचे गेलेले. जुन्या लोखंडावर जो काळसर-तपकिरी पापुद्रा धरतो, ज्याच्यासाठी जाणकार पैसे मोजतो, तो कुठेच नाही. कोणीतरी ती पॉलिश पेपरने घासली होती.

तो मी होतो. १९८४, थोरल्या भाईंचं लग्न. वलीम्याला पाहुणे दिवाणखान्यात बसणार, म्हणून खालूजान गावाला गेले असताना आम्ही भिंत रंगवली, झुंबर धुतलं आणि बंदुका काढल्या. मी एकोणीस वर्षांचा. दोन दिवस आधी विटेची भुकटी, मग पॉलिश पेपर, मग खोबरेल. खालूजान आले, बघितलं, एवढंच म्हणाले, "चमक रही है." पुढे संग्रहालयात पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं की सर्वांत जास्त हत्यारं गंजाने नाही, साफसफाईने मरतात. तेव्हापासून मी त्या भिंतीकडे नीट पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं जात-येत होतो, पण नजर दुसरीकडे ठेवायचो.

तशीच राहू दिली असती तर १ लाख १० हजार लिहिले असते. आता ५५.

रात्री दिवाणखान्यात कागद वाचला. खालाजान, दोघे भाऊ, बहीण. एकूण १ लाख ६६ हजार. खालाजानचे २०,७५०. मुलांचे ५८,१०० प्रत्येकी, मुलीचे २९,०५०. थोरल्यांचा चेहरा उतरला. ते मला ओसरीत घेऊन गेले. "एक लाख बोला था मैं. मेरे घरमें रहेंगे, कौन बेच रहा?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. विकायच्या नसलेल्या वस्तूची किंमत ही कागदावरचीच. पण लाखावर बहिणीचे १७,५०० होतात. मी उलट हिशेब सांगितला. मार्टिनी आपण घासली नसती तर बहिणीला ९,६२५ जास्त मिळाले असते, खालाजानना ६,८७५.

"आपण?"

"तुम्ही नळी धरली होती, भाई. मी घासत होतो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बहुधा ते खरंच विसरले होते. मग आत आले आणि कागद घेऊन सही केली.

बहिणीने कागद शेवटपर्यंत वाचला. मार्टिनीपुढे मी लिहिलं होतं: घासल्यामुळे शिक्के नष्ट. तिने चष्म्यावरून पाहिलं. "किसने घिसी?"

"हम दोनोंने," भाई म्हणाले. "मेरी शादीमें."

तिला हसू आलं. मग म्हणाली, मला पैसे नकोत, मला ती सत्तावनची द्या. भाई म्हणाले, ती सत्तावनची नाहीये. ती म्हणाली, माहीत आहे, मी पण ऐकत होते. भाईंना ती द्यायची नव्हती हे दिसत होतं, पण खालाजाननी मान हलवली आणि विषय संपला. बंदूक ३५ हजारांची, हिस्सा २९,०५०. वरचे ५,९५० तिने तिथल्या तिथे फोनवरून भाईंना पाठवले.

सकाळी ती निघाली तेव्हा बंदूक गाडीत आडवी मावेना. शेवटी पुढची सीट पाडून, चादरीत गुंडाळून तिरकी ठेवली. नळी मागच्या काचेला टेकली. मी बाजारातून कलम ४५ च्या कागदाच्या आणि वाटणीपत्राच्या तीन-तीन झेरॉक्स करून आणल्या. एक संच गाडीच्या खणात, एक तिच्या पर्समध्ये, एक नवऱ्याच्या खिशात. खालाजान म्हणाल्या, चादर काढून टाका, लपवल्यासारखं दिसतं. भाई म्हणाले, चादर राहू द्या, उघडी दिसली तर त्याहून वाईट. नवरा बुरखेवाल्या बायकोकडे आणि स्वतःच्या दाढीकडे बघून म्हणाला, "नाक्यावर आधी झेरॉक्स बघतील का बंदूक?" यावर कोणी हसलं नाही. थोडा वेळ चादर काढली, मग पुन्हा घातली.

संध्याकाळी सात वाजेपर्यंत खालाजान फोनजवळ बसून होत्या. सव्वासातला मेसेज आला: पोचलो. दोन ठिकाणी नाका होता, कोणी थांबवलं नाही.