बसल्यावरची उंची

गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या अंगणात येऊन बसेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या हिवाळ्यातले तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पुतण्या पट्टी घेऊन गाडीखाली उताणा पडलेला, ओट्यावर खुर्चीत वडील, आणि मधे आम्ही, दोघांचे बोलणे एकमेकांना समजावून सांगण्याच्या आविर्भावात, प्रत्यक्षात दोन्हीकडचे अर्धेच कळलेले.

वडिलांना घरात सारेच अण्णा म्हणत, नातवंडेसुद्धा. वय ८४. पावसाळ्यात न्हाणीघरात घसरल्याचे निमित्त झाले आणि पाठीचा एक मणका दबला. डॉक्टरांनी सांगितले : चाला, बसा, पण दणका नको. आमचे शेत दुधनेच्या काठी, गावापासून तीन किलोमीटर. ज्वारी ‘परभणी मोती’, येथल्या कृषी विद्यापीठाचे वाण. पौषात ती हुरड्याला येते. अण्णांचे एकच मागणे होते, एकदा शेत दाखवा. ट्रॅक्टरचा प्रश्नच नव्हता. त्याच्या मागच्या आसाला स्प्रिंग नसते, जमीन जशी असेल तशी ती पाठीपर्यंत पोचते. शेजाऱ्यांची जीप मिळत होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अण्णांनी ती नाकारली. “जीप काय, सगळ्यायचीच असते. पोरानं केलेल्या गाडीत नेत असाल तर येतो.”

पोराने केलेली गाडी म्हणजे पुतण्याची. अभियांत्रिकीला असताना विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यतीची गाडी बांधायची, अशा स्पर्धेच्या चमूत तो होता. शिक्षण संपवून गावी आल्यावर त्याने चौकोनी पाइपांचा सांगाडा जोडला, मोडीत निघालेल्या मारुतीचे ७९६ सीसीचे इंजिन पुढे बसवले आणि दोनच माणसे मावतील अशी एक लांब नाकाची, बिनदाराची, बिनछपराची गाडी उभी केली. हिचे घराणे मोठे आहे. कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ १९५७ साली इंग्लंडात आली; वजन कमी करणे हाच वेग वाढवण्याचा सोपा मार्ग, हे तिचे तत्त्व. त्याच घाटाची रोडस्टर पुढे आपल्याकडे अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने हाताने बांधली. पुतण्याची गाडी या घराण्यातली गरीब नातेवाईक. नोंदणी नाही, त्यामुळे सडकेवर जाणे नाही. तिचा सारा संसार घर ते शेत या गाडीवाटेवर. रिकामी वजन ५२० किलो.

हलकेपणातच सगळी अडचण आहे, हे कळायला आम्हांला चार दिवस लागले. एस.टी.त दोन माणसे चढली तर तिला पत्ताही लागत नाही. येथे मात्र दोघे बसतात ती जागा मागच्या चाकांच्या अगदी पुढे. रिकाम्या गाडीत मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर साधारण १०० किलो भार. दोघे बसले की तो १४५. म्हणजे जवळजवळ निम्म्याने वाढ. जी स्प्रिंग रिकाम्या गाडीला शोभते ती भरल्या गाडीला पुरत नाही, आणि भरल्या गाडीला पुरते ती रिकामीला उडवते.

पुतण्याने आधी बसवलेल्या स्प्रिंगा शर्यतीच्या सवयीने निवडलेल्या होत्या. त्या स्पर्धेत चाकाला वरखाली मिळून किमान ५० मिलिमीटर हालचाल असली की नियम पुरा होतो, कारण खालचा रस्ता गुळगुळीत असतो. चाकापाशी एक मिलिमीटर दबायला तीन किलो लागत. त्या गाडीत आम्ही एकदा शेतापर्यंत गेलो. येताना चालत आलो. दात आणि चष्मा दोन्ही सांभाळणे एका माणसाचे काम नव्हे.

मग त्याने पुण्याहून आणखी दोन जोड मागवले. त्यातला नरम आधी घातला, मिलिमीटरला एक किलो. अंगणात हाताने दाबून पाहताना आम्ही फार खूष झालो. गाडी उशीसारखी खाली जाऊन वर येई. पण आम्ही दोघे बसताच मागची बाजू ४५ मिलिमीटर खचली आणि वाटेवर पोट घासू लागले. ज्यांनी आमची गाडीवाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : परभणीची काळी माती पावसात फुगते, लोण्यासारखी होते, तेव्हा ट्रॅक्टर जातात, त्यांची चाके रुततात, आणि मार्गशीर्षापर्यंत तो चिखल दगड होतो. दोन्ही बाजूंना खोल चर, मधे वीतभर उंचवटा. यालाच चाकोरी म्हणतात. या शब्दाचा अलंकारिक उपयोग आम्ही उभा जन्म वर्गात करीत आलो. चाकोरीबाहेरचा कवी, चाकोरीबद्ध कादंबरी. चाकोरीत मधला उंचवटा असतो आणि तो पोटाला लागतो, हे एकदाही आमच्या ध्यानात आले नव्हते.

यावर पुतण्याने स्प्रिंगखालच्या आट्याच्या कड्या फिरवून गाडी वर घेतली. आमची समजूत अशी, की कडी आवळली म्हणजे स्प्रिंग कडक होते. गावातले सगळे असेच समजतात. तसे नाही. भार तोच, स्प्रिंग तीच, म्हणून ती दबते तेवढीच. कडीने फक्त गाडी उचलली जाते. कडक व्हायचे तर तार जाड हवी किंवा वेढे कमी हवेत. तारेची जाडी दहावरून अकरा मिलिमीटर केली तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. आणि वेढा कापला की स्प्रिंग नरम होते असे एका मिस्त्रीने छातीठोकपणे सांगितले होते, ते नेमके उलटे निघाले. आठ वेढ्यांतला एक कापला तर ती सातव्या हिश्श्याने कडकच होते. गाडी उचलल्याने पोट सुटले, पण नवेच दुखणे आले. शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणला गेला, आणि खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच उरली नाही. चाक अधांतरी लटके, मग सगळी गाडी त्याच्यामागे आदळे. उंचवट्यासाठी वर जागा लागते हे कोणालाही सुचते. खड्ड्यासाठी खालीही लागते, हे सुचत नाही.

हे सगळे अण्णा ओट्यावरून पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “रिकामी कुठं उभी राहते ते काय मोजतो लेका? बसल्यावर कुठं राहते ते मोज.”

अण्णांनी तरुणपणी दमणी हाकली होती, आणि शंकरपटात छकडीही. छकडी म्हणजे आमच्या भागातली खरी हलकी शर्यतगाडी. दोन चाके, धुरा, आणि उभे राहण्यापुरती जागा. बैलगाडीला स्प्रिंग नसली तरी भार कोठे पडतो याचे शास्त्र आहे. ओझे मागे गेले तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे आले तर धुरजड, बैल दबतात. गाडी कधीही रिकामी तोलत नसत. हाकणारा बसला म्हणजेच तोल पाहायचा. पुतण्या गप्प झाला. शर्यतीच्या गाडीची उंचीही चालक बसवूनच मोजतात, हे त्याला ठाऊक होते. पण तेथे चालक एकच असतो. दुसऱ्या माणसाची सवय त्या विद्येला नाही.

मग मधल्या स्प्रिंगांचा जोड बसला, मिलिमीटरला दीड किलो. दोघे बसले की मागून ३० मिलिमीटर खचणार, ती खचल्यावरची उंची वाटेला पुरेल अशी कडी लावायची. अण्णांना अर्थात तासन्‌तास गाडीत बसवून ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्या जागी युरियाचे पोते ठेवले. आम्ही हिशेब ५० चा धरला. पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे, हे शेतकऱ्याच्या घरात राहून आमच्या लक्षात नव्हते. अण्णा ५८ किलोंचे. उरलेल्या तेराला ज्वारीची पिशवी. आडतीवरचा वजनकाटा मागून आणला आणि एकेक चाक काट्यावर, बाकीची तीन तेवढ्याच जाडीच्या फळ्यांवर, असे करीत चारही चाकांचा भार लिहून काढला. तीन संध्याकाळी गेल्या. गाडीत पोते बसलेले पाहून शेजारची मुले हसत.

या काळात आम्ही पुतण्याला विचारले होते, तिन्हींत चांगली स्प्रिंग कोणती? तो म्हणाला, “काका, कशासाठी?” क्षेमेंद्राचे औचित्य आम्ही अनेक वर्षे शिकवले, आणि तरीही हे उत्तर ऐकून आम्ही ओशाळलो. एखाद्याची शैली ताठ आहे, एखाद्याची लवचीक, असे शेरे आम्ही उत्तरपत्रिकांवर आणि परीक्षणांत मोकळ्या हाताने लिहिले आहेत. वाक्यावर भार किती होता, हे फारसे पाहिले नाही.

त्या रात्री अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ काढला. चोवीस गुणांच्या यादीत शेवटचा संस्कार, आणि त्याचे तीन प्रकार : वेग, भावना, स्थितिस्थापक. वेग म्हणजे चालत्या वस्तूतला जोर. भावना म्हणजे अनुभवातून उपजणारे आणि स्मरणाला कारण होणारे ते. आणि वाकवलेली वस्तू पूर्वस्थितीला आणते ते स्थितिस्थापक. चटई गुंडाळून सोडावी तशी. आपण आज ‘स्थितिस्थापकत्व’ म्हणतो तो शब्द येथलाच. स्मृती आणि स्प्रिंग यांना नैयायिकांनी एका घरात ठेवले, हे विद्यार्थीदशेत आम्हांला वर्गीकरणाची हौस वाटली होती. मात्र नैयायिकांनी शॉकअपची व्यवस्था केलेली नाही. नुसती स्प्रिंग मागच्या दणक्याची आठवण काढीत हेलकावत राहते. तेलातून दट्ट्या ओढून ती हालचाल उष्णतेत विरवावी लागते. आम्ही हे पुतण्याला सांगितले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि पाना मागितला.

जानेवारीतल्या एका सकाळी निघालो. म्हणजे ते दोघे गाडीत आणि आम्ही मागून सायकलवर. अण्णांच्या पाठीमागे गोधडी, डोक्याला मफलर. पुतण्याने सांगितलेला हिशेब आम्ही मनात घोकत होतो. स्प्रिंग भाराखाली किती दबलेली आहे यावर हेलकाव्याची लय ठरते. ४८ मिलिमीटर दबली तर सेकंदाला सव्वादोन हेलकावे, ९७ दबली तर एक आणि सहा दशांश. माणसाच्या पाठीला सर्वांत जाचते ते सेकंदाला चार ते आठ. तिच्यापासून जितके दूर तितके बरे. हिशेब बरोबर होता, परंतु समोर गोधडीतून दिसणारी मान प्रत्येक चरापाशी किंचित ताठ होई, आणि तेव्हा हिशेबाचा काही उपयोग होत नसे. ओढ्याच्या उतारावर एकदाच पोट घासले. पुतण्या थांबला. अण्णांनी न वळता हात हलवला, चल.

शेतात दीड तास होतो. हुरडा भाजला, अण्णांनी चार घास खाल्ले. कणसे दाबून पाहिली, धुऱ्यावरच्या बाभळीची चौकशी केली. परतताना ते डोळे मिटून होते. झोप होती की वेदना, आम्ही विचारले नाही. घरी आल्यावर पुतण्याला एवढेच म्हणाले, “मागून जरा उलाळ हाय. पण बरी हाय.”

आषाढात अण्णा गेले.

गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली असते. पुतण्या आता एकटाच शेतात जातो, आणि एकट्याने ती मागून उडते अशी त्याची तक्रार आहे. कड्या दोन आटे खाली घेतल्या की काम होईल. परवा आम्ही पट्टी लावून पाहिली. रिकामी गाडी मागून अजून ३० मिलिमीटर वर उभी आहे. पाना ओट्यावरच पडलेला असतो.