तारणाची तारीख

नगर
झावळ्यांचा रविवार, रात्री

चि. बाळ यास,


तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चार पानांत दादाची, तुझ्या बापाची, चौकशी एका ओळीचीही नाही, आणि शेवटी मला प्रश्न: ‘आत्या, तुमचं तारण कोणत्या तारखेला झालं?’ अरे, जिच्या मांडीवर बसून तू उधळ्या पुत्राची गोष्ट ऐकलीस आणि डुकरांच्या शेंगा मलाही हव्यात म्हणून भोकाड पसरलंस, तिला हे विचारतोस? बँकेतला कारकूनही खातं कधी उघडलं ते जरा मऊ आवाजात विचारतो. आधी राग आला, मग हसू आलं. राग अजून पुरता गेलेला नाही, ते तुला कळेलच.

तारीख माझ्याकडे नाही. बाप्तिस्म्याची आहे, दृढीकरणाची आहे, तारणाची नाही.

बाजारातून जाताना पाटी वाच कधी: ‘सोनेतारण कर्ज’. जीव वाचला तरी तारण आणि दागिना सावकाराच्या तिजोरीत गेला तरी तारण! हे दोन शब्द मुळात एक की वेगळे, ते पंडित ठरवोत. मला मात्र वधस्तंभाचा अर्थ त्या पाटीखाली उभं राहून जेवढा कळला, तेवढा कुठल्या उपदेशातून कळला नाही. बहात्तर सालच्या पाटल्या आठव. तू तेव्हा जन्मला नव्हतास, पण ती गोष्ट तू इतक्यांदा ऐकली आहेस की स्वतः पाहिल्यासारखी सांगतोस. त्या पाटल्या वर्षभर सोनाराकडे गहाण, अंधारात पडून होत्या. कुणी किती पैसे मोजले, कधी मोजले, त्यांना काय ठाऊक? तारीख पावतीवर होती. पाटल्यांवर नव्हती. माझ्या आईनं त्या हातात घातल्या, भाकरी थापायला लागली आणि त्या वाजल्या. त्या सुटल्या आहेत, हे घराला त्या आवाजानं कळलं.

आणि सोडवून कुणी आणल्या, ते तू पत्रात लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिते. दादानं. पहिले चार पगार. त्या थंडीत तो स्वेटरशिवाय सायकलवर कामाला जायचा.

लेवीय 25 काढून वाच. भाऊबंद कंगाल होऊन जमीन विकून बसला, किंवा स्वतःलाच विकून बसला, तर त्याला सोडवायचा हक्क जवळच्या नातलगाचा. बवाजानं रूथसाठी वेशीत दहा वडीलधारे बसवून व्यवहार केला तो असाच. सोडवणारा म्हणजे नातलग, आणि पदरमोड करणारा नातलग, हे यहुद्यांच्या मनात पक्कं होतं. म्हणून तर देवालाच ते आपला सोडवणारा म्हणू लागले, म्हणजे देवाला त्यांनी नात्यात ओढलं! तुझ्या पत्रात तारण आहे, निर्णय आहे, विजय आहे, फक्त नातं कुठं सापडलं नाही.

आपल्या शास्त्रात ख्रिस्तानं आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला असं आहे. हल्लीच्या पोरांनी हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढं बिल्डरला धमकावणारे गुंड येतात. मागच्या महिन्यात एकीनं मला विचारलंच, येशूनं खंडणी दिली ती कुणाला? मी हसले, पण जुन्या आचार्यांचंही याच प्रश्नावर भांडण झालं. ओरिगेन म्हणाला सैतानाला. नाझियान्झसच्या ग्रेगरीनं कानांवर हात ठेवले, त्या चोराला कसली आली रक्कम! मी त्या वादात पडत नाही. मला एवढंच दिसतं की मोजणाऱ्यानं मोजलं, आणि आपण मोजलेलं नाही.

आता तुझ्या स्वातंत्र्याबद्दल. तुमच्या त्या नव्या संगतीत गेल्यापासून तू ‘मुक्त’ झालास, असं चार ठिकाणी लिहिलं आहेस. पंडिता रमाबाईंचं उदाहरणही दिलंस, ते बरं केलंस, कारण ते तुझ्यावरच उलटणार आहे. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला 1883 मध्ये झाला. तारीख हवी ना? घे: 29 सप्टेंबर. पण पुढं त्यांनीच लिहून ठेवलं की त्यानंतर आठ वर्षांनी कळलं, हाती धर्म लागला होता, ख्रिस्त नव्हे. सांग, तुमच्या वहीत कुठली तारीख मांडशील? आणि त्याआधीच, 1885 मध्ये, तिथल्या मठातल्या भगिनी मतं शिकवू लागल्या तेव्हा बाईंनी खडसावून कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ता कुठं मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता दुसरं चढवून घ्यायची नाही. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांनाच हे लिहिलं, एकट्या विधवेनं, पदरी लहान मुलगी! आणि ही बाई कुणाचीच बांधील नव्हती का? केडगावला जाऊन ये (आपलं नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं). दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी उरापोटाशी धरल्या आणि त्या जागेचंच नाव मुक्ती ठेवलं. साध्या बायकांना कळेल असं शास्त्र त्या हिब्रू-ग्रीकमधून मराठीत उतरवत राहिल्या; सगळं छापून झालं 1924 मध्ये, बाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. सुटलेलं माणूस असं जुंपून घेतं. पण जुंपून घेणं स्वतःचं, आणि जू दुसऱ्यानं ठेवलेलं, यातला फरक तुझ्या वयाच्या माणसाला मी सांगायचा?

ग्रीसमध्ये डेल्फीच्या दगडांवर गुलामांच्या सुटकेचे हजारावर लेख कोरलेले आहेत. गुलाम देवाला विकला असं दाखवायचं आणि तो मोकळा. पण कितीतरी लेखांत खाली एक अट असते: जुना धनी जिवंत असेतो त्याच्याच घरी राहून सांगेल ते करायचं. तुझ्या पत्राखाली मला तशीच अट दिसते आहे. कारण सूनबाईचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. साखरेच्या गोळ्या तू महिनाभर बंद केल्यास. तुमच्या संगतीतल्या त्या ‘भाऊंनी’ सांगितलं की गोळी म्हणजे अविश्वास. नाताळात दादाच्या ताटाला ताट लावलं नाहीस, तेही भाऊंना विचारून. बाळ, ख्रिस्तानं सोडवलेला माणूस बापाशेजारी जेवायची परवानगी कुणाकडं मागतो? पौलानं गलतीकरांना लिहिलं ते का लाडानं लिहिलं होतं? वाच तो सूर. माझा त्याच्यापुढं मवाळच आहे.

साखरेपायी तुझ्या आजोबांचा पाय कसा गेला, ते मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

उत्तम शुक्रवारी इकडं ये. तीन तासांच्या उपासनेला दादा यंदाही मागच्या बाकावर बसणार. गुडघ्यांमुळं हल्ली कडेला बसतो, शेजारची जागा मोकळीच असते. काही बोलू नकोस, साक्ष देऊ नकोस, नुसता बस. येण्याआधी उपाशीपोटी रक्त तपासून घे आणि आकडा खरा सांग, तुझी लपवायची सवय मला माहीत आहे. गोळ्या आज रात्रीपासून सुरू कर. पाटल्या वहिनीकडेच आहेत, तुझ्या लेकीसाठी ठेवल्यात म्हणे.

तुझी,
आत्या

ता. क. – येताना दादासाठी लोकरीचा स्वेटर आण. बाह्यांचा.