काळे बूट

तीन पावसाळ्यांपूर्वी मी आमच्या वस्तीतल्या पोरांचे बूट परत पाठवले. "आम्हाला नकोत," एवढं बोललो आणि खोकी गाडीत परत चढली. त्या रात्री छाती फुगली होती. दोन कविताही लिहिल्या. कविता आता फाडून टाकल्यात, पण गोष्ट फाडता येत नाही म्हणून लिहितोय.

आमची वस्ती पनवेलच्या बाहेर, कासाडी नदीच्या अंगाला. तळोज्याच्या कारखान्यांनी नदीचं काय केलंय ते नाकाला विचारा. विहारात रोज संध्याकाळी सात ते नऊ आम्ही पोरांचा अभ्यास घेतो. आम्ही म्हणजे मी, बी. कॉम. झालेली एक ताई आणि पोलीस भरतीत दोनदा आपटलेला एक दोस्त. वर पत्रा, दोन ट्यूबलायटी, भिंतीला बुद्ध आणि बाबासाहेब. मी रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर. पहिली पाळी करून आलो तरी अंगाचा लोखंडी वास जात नाही. पोरं म्हणतात, सर गंजले. मी कसला सर! नववीत शाळा सुटली, पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात वाचलं. पण दहा बाय दहाच्या खोलीत बाप पिऊन आडवा, आई भांडी घासून आलेली, टीव्ही चालू. तिथं पोरगं पुस्तक उघडणार कुठं? आम्ही फक्त जागा देतो आणि उजेड देतो.

तर एका संस्थेची माणसं आली. नाव लिहीत नाही, माणसं भलीच होती. पैसे एका कंपनीचे, गाडी संस्थेची आणि पोरं आमची. दप्तरं, वह्या, काळे बूट. अट एवढीच की आधी फॉर्म भरायचा, मग पोरांनी बूट छातीशी धरून रांगेत उभं राहायचं, मागं बॅनर, पुढं कॅमेरा. फॉर्मात विचारलेलं, बाप काय करतो, व्यसन आहे का, पोरगं भीक मागतं का, कधी चोरी केली का. वर ठळक अक्षरात 'धोक्यातील बालक'.

माझं डोकं सटकलं. कारण लहानपणी मीही असाच उभा राहिलोय, हातात स्टीलचा डबा घेऊन. तो फोटो पुढं कुठल्याशा कॅलेंडरवर आला. शाळेतली पोरं मला वर्षभर 'कॅलेंडर' म्हणायची. डबा कधीच हरवला, नाव सातवीपर्यंत चिकटून होतं. म्हणून म्हणलं, नकोत.

तेव्हा एक पोरगा खोक्यापाशी बसलेला. तेरा वर्षांचा, तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा फास्ट. शाळेत बूट नसल्यानं त्याला प्रार्थनेला वेगळं उभं करायचे. त्यानं एक बूट काढून पायात घातला होता. मी म्हणलं, ठेव तो. त्यानं काढला, आतला कागदाचा बोळा पुन्हा नीट कोंबला, खोक्यात ठेवला, झाकण लावलं. माझ्याकडं बघितलं पण नाही.

नुसत्या बुटांपायी पोरगं सुटलं असं म्हणणार नाही. बाप माथ्यावर लोखंड वाहायचा, त्याचा खांदा गेला होता. घरात पैसा नव्हता. पण गणपतीच्या सुमारास पोरगा शाळेत जायचा थांबला, मग विहारातही दिसेना. आधी भंगारवाल्याकडं. मग हायवेच्या पुलाखाली मोठ्या पोरांत, फडक्यात सोल्युशन घेऊन. मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा रात्रपाळी लागली म्हणून गेलो नाही. मग एक दिवस त्याची आई दारात. "सर, पोराला नेला. केबल चोरली म्हनतात."

२०१५ च्या कायद्यानं अशा पोराला गुन्हेगार म्हणायचं नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. शब्द चांगला आहे. त्याच्या आईला तो उच्चारता येत नव्हता. निरीक्षणगृहात भेटायला मी तिच्यासोबत गेलो, एक दिवसाचा खाडा पडला. पोरगा नीट जेवत होता, अंघोळ केलेला होता. आणि पायात बूट होते, सरकारी. मला तिथं उभं राहवेना.

त्यानंतर मी बाबासाहेबांच्या बोर्डिंगांचं पुन्हा वाचायला घेतलं. भाषणात आपण सगळेच ते ठोकून देतो. मी या वेळी पैशाच्या बाजूनं वाचलं. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिचे अध्यक्ष कोण? सर चिमणलाल सेटलवाड. पण कारभार बघणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरचं वसतिगृह निघालं. मार्च १९२७ ला चवदार तळं. आणि १४ जून १९२८ ला डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी, हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या पोरांची वसतिगृहं चालवायला. ती वसतिगृहं कुठं? ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड आणि आपलं पनवेल. महाड आणि पनवेल तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात. पाण्याला हात लावला आणि मागोमाग पोरांच्या राहण्या-जेवण्याची सोय लावली. मुंबई सरकारचा पैसा घेतला. तो हक्काचा म्हणून घेतला आणि कारभार आपल्या हातात ठेवला.

पळस्पे फाट्याकडची सोनबा येलवेची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. बाबासाहेबांना या वाटेवर कुणी पाणी दिलं नाही हे कळल्यावर तो वर्षानुवर्षं माठ भरून त्यांची वाट बघत बसायचा, असं सांगतात. पूर्वी ती ऐकताना मला फक्त पाणी नाकारणारे दिसायचे. आता माठ दिसतो. रोज धुवायचा, रोज भरायचा. मी मात्र दोनदा पुलाखाली जाऊन दमलो.

दुसरी गोष्ट मिलमध्येच कळली, एका युनियनवाल्या म्हाताऱ्याकडून. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजाच्या कामाला घालायचे. म्हणजे ते बूट कुणाच्या मनाच्या मोठेपणातून आले नव्हते. कायद्यानं आले होते. आणि नफा कुठून येतो? त्या पोराच्या बापासारख्यांच्या खांद्यातून. शंभरातले दोन परत येत होते आणि तेही मी ऐटीत हाकलले! भांडायचं होतं फोटोशी, फॉर्माशी. मी भांडलो बुटांशी.

सगळेच सारखे असतात असंही नाही. नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीनं उभं केलेलं काम बघा. समाजानं गावाबाहेर काढलेल्या माणसांसाठी सुरू झालं, पुढं आदिवासी पोरांच्या आश्रमशाळेपर्यंत गेलं. ताऱ्याचं युसुफ मेहेरअली सेंटर १९६१ पासूनचं. त्याचे जी. जी. पारीख २०२५ च्या २ ऑक्टोबरला शंभराव्या वर्षी गेले. ते समाजवादी, आपले नव्हेत, आपला त्यांच्याशी वाद आहे आणि राहील. पण वर्षानुवर्षं एका जागी टिकून राहण्याचा हिशेब मांडला तर आपली मंडळं कुठं बसतात? जयंतीला आमच्या वस्तीत डीजेची वर्गणी दोन दिवसांत जमते. विहाराचं लाईट बिल तीन महिने थकलेलं असतं. हे लिहिलं म्हणून काही जण माझ्याशी बोलणार नाहीत. बरं.

गेल्या वर्षी तीच संस्था परत आली. मीच फोन केला होता, गिळायला जड गेलं. या वेळी आयांची कमिटी बसवली. फॉर्म नाही, फक्त पायाचं माप. फोटो काढायचाच तर खोक्यांचा काढा. वाटपाची वही त्या पोराच्या आईकडं. सही करण्यापुरतं तीही विहारात शिकली. संस्थेची एक बाई कुरकुरली, वर फोटो दाखवावे लागतात म्हणाली. तिचीही नोकरीच. शेवटी वहीच्या पानाच्या झेरॉक्सवर भागलं.

पोरगा सुटून आलाय. आता सोळाचा आहे. दिवसा पंक्चरच्या दुकानात काम करतो. नऊला वर्ग सुटायच्या आधी विहाराच्या पायरीवर येऊन बसतो, आत येत नाही. त्याच्या मापाचे बूट मी बाजूला ठेवले होते; त्यानं धाकट्या भावाला दिले. सोल्युशन पूर्ण सुटलंय का, विचारायची हिंमत झालेली नाही. परवा आपणहून म्हणाला, "सर, बाहेरून धाव्वी करता येते ना?"

१७ नंबरचा फॉर्म भरायचाय. शाळा सोडल्याचा दाखला आणायला त्याच्यासोबत मी जाणार आहे. फीचं रविवारी सकाळी दहाला विहारात ठरेल. पैसे कमी पडले तर चालेल, पण बीजगणित शिकवणारं कुणीतरी पाहिजे; माझं नववीतच थांबलंय. ज्याला जमेल त्यानं यावं, आणि आला तर रोज यावं.