मी पण पाह्यलं

दर्यापूरला आमच्या गल्लीत एक बुडी एकटीच राहायची. दारात चिंच होती. लाइन गेली की ती ओट्यावर बसून स्वतःशीच पुटपुटत असायची. "तिच्या दारापुढून नोको जाऊ वं पोरी," आजी सांगायची. कारण कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा सातवीत होते आणि नारायण धारपांच्या नादी लागले होते. लोडशेडिंगमध्ये मेणबत्ती लावून वाचनालयाचं शिवण उसवलेलं पुस्तक वाचायचे. धारपांची भीती मला सोयीची वाटायची. जे काही यायचं ते माणसांतलं नसायचं, आणि त्याला तोंड द्यायला समर्थ असायचे. रत्नाकर मतकरी नंतर वाचले. त्यांनी जास्त घाबरवलं, कारण तिथे भीती बरेचदा घरातल्याच माणसाची निघायची.

त्याच वर्षी शेजारचं लेकरू आजारी पडलं. ताप उतरेना. ओसरीवर बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. बुडी रात्री त्यांच्या दाराशी दिसली, असं कोणीतरी म्हणालं. सगळ्या गप्प झाल्या. तेवढ्यात मी म्हणाले, "मी पण पाह्यलं. लिंबू ठेवत होती."

मी काहीही पाहिलं नव्हतं. लिंबू माझं होतं. गोष्ट रंगावी म्हणून घातलेलं.

लेकरू डॉक्टरच्या औषधाने बरं झालं. बुडी मात्र सुटली नाही. तिला कोणी मारलं नाही. फक्त तिच्याकडून शेवया-कुरडया करून घेणं थांबलं, बारशाचं बोलावणं थांबलं. आम्ही पोट्टे तिच्या दारावर गोटे मारायचो. उन्हाळ्यात तिचा भाऊ आला आणि तिला बनोसा स्टेशनवरून शकुंतलेनं घेऊन गेला. निघताना मी समोर दिसले, तर थांबून म्हणाली, "तुये पेपर झाले काय वं?"

२०२४मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा पुण्यात ऑफिसच्या मित्रांसोबत पाहिला. बाहेर चहा घेताना वाद रंगला : जास्त भयानक कोण, हस्तर की विनायक? हस्तरला नियम आहेत. पिठाचं रिंगण तो ओलांडत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत, त्याचा कोड वाचता येतो. विनायक सगळं ठाऊक असून पुन्हा जातो, पोटच्या पोरालाही नेतो. सगळ्यांनी विनायकाला मत दिलं. मी गप्प बसले.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस आमच्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात, ७७ वर्षांच्या आदिवासी बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली. चपलांची माळ घालून तिची धिंड काढली. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्किल करणं, हा राज्यात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. बातमी वाचताना मी त्या गर्दीत एक सातवीतली पोरगी शोधत होते. तिथलं पहिलं लिंबू कोणी ठेवलं असेल?

हस्तर की विनायक, हा प्रश्न मला आता अर्धा वाटतो. आमच्या गल्लीत भूत नव्हतंच, पण त्याच्या नावाखाली आम्हाला सगळं करता आलं. त्यात मी होते, आणि मी घाबरलेलीसुद्धा नव्हते.

धारप अजूनही वाचते, रात्री, फ्लॅटवर एकटी असताना. भीती वाटत नाही. दर्यापूरला गेले की मात्र त्या चिंचेपासून वळसा घालून जाते. आजी आता नाही. मला अडवणारं कोणीच नाही.