अंधारी स्लाइड

परभणीच्या मे महिन्यात अँटिबॉडीचं काम करायचं तर आधी हवेशी झगडावं लागतं. पारा 43-44 अंशांवर आणि हवा ठणठणीत कोरडी. काचेवर शेळीच्या ऊतीचा पाचेक मायक्रॉन जाडीचा काप असतो. धुणं संपवून पुढचं द्रावण टाकेपर्यंत दोन मिनिटं गेली तरी त्याच्या कडा सुकतात. सुकलेल्या कडेला अँटिबॉडी उगाचच चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती किनार झगझगीत दिसते. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, प्रथिन सापडलं. म्हणून आमच्याकडे घट्ट झाकणाच्या डब्यात ओला टिपकागद अंथरलेला असतो, काप त्यातच रात्रभर 4 अंशांवर राहतात आणि कडेचा भाग मोजणीत धरायचा नाही हा नियम आहे.

मी ज्या प्रथिनाच्या मागे आहे त्याचं नाव आयएफटी88. पेशीच्या पृष्ठभागावर केसासारखे जे सिलिया उगवतात, त्यांच्या आत प्रथिनं बनवण्याची सोय नसते. शेंड्याला लागणारा सगळा माल पेशीच्या पोटातून वाहून न्यावा लागतो. हा माल वाहणाऱ्या प्रथिनांच्या गटातलं आयएफटी88 हे एक. ही वाहतूक पहिल्यांदा दिसली 1993 मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत, क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळाच्या शेपटीत; ही शेपूटही सिलियांच्याच जातीची. पुढे 2000 मध्ये ग्रेगरी पाझूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेवाळातलं आयएफटी88 आणि मूत्रपिंडात गाठी होणाऱ्या एका उंदराच्या वाणातलं बिघडलेलं जनुक ही एकाच कुळातली. शेवाळात ते नसेल तर शेपूट उगवत नाही. उंदरात बिघडलं तर मूत्रपिंडातले सिलिया खुरटे राहतात. शोधनिबंध वाचताना इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मग शेळीच का? कारण आमच्या जिल्ह्यात कोरडवाहू माणसाचा आधार तीच आहे. जिंतूर-गंगाखेडकडच्या वाड्यांवर उस्मानाबादी शेळी वेळेवर माजावर येते, बोकड दाखवतात, तरी गाभण राहत नाही, ही तक्रार पशुवैद्यकाला नवी नाही. कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक बीजवाहिनीत दडलेलं असू शकतं. तिच्या आतल्या अस्तरात सिलिया असलेल्या पेशी आणि स्राव सोडणाऱ्या पेशी शेजारी-शेजारी असतात. बीज पुढे सरकण्यात सिलियांच्या हालचालीचा मोठा वाटा असतो. दाह होऊन हे सिलिया झडले तर वरून काही कळत नाही. ते झडले, की उगवलेच नाहीत, हे विचारायला आयएफटी88 ओळखणारी अँटिबॉडी लागते.

बाजारात मिळणाऱ्या कुपीवर लिहिलेलं असतं: माणूस, माउस, रॅट. शेळीचं नाव नसतं. ससा वापरून माणसाच्या प्रथिनाविरुद्ध तयार केलेली ही अँटिबॉडी मराठवाड्याच्या शेळीतलं प्रथिन ओळखेल का, हे ज्याचं त्यानं तपासायचं. इथे एक फसगत ठरलेली आहे. पहिली अँटिबॉडी शेळीत बनवलेली असेल, तर तिला शोधणारी दुसरी अँटिबॉडी शेळीविरोधी असणार. ती ऊतीतल्या शेळीच्या स्वतःच्या अँटिबॉडींना धरते आणि सगळा काप उजळतो. गाय-शेळीच्या अँटिबॉडींत साम्य इतकं की अशी शेळीविरोधी अँटिबॉडी गोवंशाच्या सीरमलाही धरू शकते. गाईच्या सीरमानं कापाचे मोकळे भाग झाकले तर गोंधळ वाढतोच. म्हणून सशात बनलेली पहिली आणि ससाविरोधी दुसरी, हा सरळ मार्ग मी धरतो.

त्यानंतर येतात त्या स्लाइड्स ज्यांच्यावर काहीच दिसू नये. एकीवर पहिली अँटिबॉडी टाकत नाही, फक्त दुसरी. दुसरीवर सशाची साधी, कशालाही न ओळखणारी अँटिबॉडी, तेवढ्याच प्रमाणात. तिसरीवर काहीही नाही, कारण तांबड्या पेशी आणि संयोजी ऊती हिरव्या प्रकाशात आपसूक चमकतात. चौथीवर आयएफटी88चीच अँटिबॉडी, पण आधी ती ज्या पेप्टाइडविरुद्ध बनली त्याच्याशी भरपूर मिसळून. खूण खरी असेल तर ती इथे मावळायला हवी. उंदरावर काम करणाऱ्यांना जनुक काढून टाकलेला प्राणी मिळतो, उस्मानाबादीत तशी सोय नाही. म्हणून प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर 90 ते 95 किलोडाल्टनच्या जागी पट्टी आली का, हेही पाहायचं. स्राव सोडणाऱ्या शेजारच्या पेशी निसर्गानंच दिलेली तुलना आहेत: त्यांच्या माथ्यावर सिलियांचं रान नसतं, तिथे तशीच दाट खूण दिसली तर कापावर विश्वास ठेवू नये.

चमकणारं चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही. पण एखाद्या प्रबंधातलं काम किती भरवशाचं हे मी त्याच्या काळ्या चित्रांवरून ठरवतो.

आणखी एक दुखणं आहे. पॉलिक्लोनल अँटिबॉडी म्हणजे एका सशाच्या रक्तातला अनेक अँटिबॉडींचा संच. तो ससा गेला, साठा संपला, की पुढच्या कुपीत दुसऱ्या सशाचं रक्त. नाव तेच, ओळखण्याची तऱ्हा वेगळी. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा काढला तेव्हा एकाच प्रकारची अँटिबॉडी पुन्हापुन्हा मिळण्याची वाट उघडली. तरी 2015 मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांना शंभरावर सह्या घेऊन ‘नेचर’मधून मागणी करावी लागली, की संशोधनातल्या अँटिबॉडी त्यांच्या अनुक्रमानिशी ओळखल्या जाव्यात आणि त्या अनुक्रमावरूनच बनवाव्यात. मला ही मागणी मनापासून पटते. लहान गावातल्या प्रयोगशाळेला दर नव्या कुपीबरोबर सगळी तपासणी पुन्हा करणं परवडत नाही, आणि ती टाळणंही परवडत नाही.

नवी कुपी आली की आम्ही वितळवून लगेच लहान नळ्यांत वाटतो, कारण पुन्हापुन्हा गोठवली-वितळवली तर ती खचते. प्रत्येक नळीवर लॉट क्रमांक आणि तारीख. विद्यार्थी छायाचित्रं घेऊन आला की मी आधी लॉट क्रमांक विचारतो, मग चारही अंधाऱ्या स्लाइड्स मागतो. त्या त्याच दिवशी, त्याच लॉटवर, तेवढ्याच एक्सपोजरला टिपलेल्या असतील, तरच आम्ही दोघं उजळलेल्या स्लाइडकडे वळतो.